ग्रीकांचा 'फ्रुरार्ख' म्हणजे आपला किल्लेदारच का? (गाविलगडावर पेटलेला वाद)

संत्रेवाला (परतवाडा)

राजेहो, एक वाद मिटवून द्या. घरचा मामला आहे, साळा दोन दिवसांपासून माझ्याशी धड बोलत नाही.

तो पुण्याहून आला आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे दर वाक्याला सनावळी. पाऊस उघडला म्हणून संत्र्याची फवारणी एक दिवस पुढे ढकलली आणि त्याला गाविलगड दाखवायला नेलं. धुकं असं की शार्दूल दरवाजा अंगावर येईपर्यंत दिसला नाही. तिथेच आडोशाला डबा सोडला. भाकर-ठेचा खाता खाता मी बेनीसिंगाची गोष्ट काढली. १५ डिसेंबर १८०३, वेलस्लीच्या फौजेने तटाला खिंडार पाडलं, भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग शरण गेला नाही, आपल्या माणसांसोबत लढता लढता पडला.

साळा म्हणाला, "भाऊजी, असे किल्लेदार सिकंदराने ठिकठिकाणी बसवले होते. त्यांना फ्रुरार्ख म्हणत." आणि मोबाइलवर आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर सार्डिस दाखवलं. इ.स.पू. ३३४ मध्ये ते शहर हाती आलं तेव्हा सिकंदराने तिथे तीन माणसं नेमली. सुभ्यावर असांड्रोस, वसुलीवर निकियास, आणि वरच्या गडावर पाउसानियास. मी म्हटलं, मग हा किल्लेदार कसला? मुलूख एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे, याच्या हाती नुसतं कुलूप. आपला किल्लेदार म्हणजे गडाचा धनी! तो म्हणाला, भाऊजी, तुम्हाला यातलं समजत नाही. ठेचा मला लागला की ते वाक्य, सांगता येत नाही.

तर जाणकारांनी सांगावं. हा फ्रुरार्ख नेमका कोण? सुभेदार असताना गडावर वेगळा माणूस कशाला? आणि वेळ आली की हे लोक बेनीसिंगासारखे मरत, की चाव्या देऊन मोकळे होत?

खडू-डस्टर (दर्यापूर)

दोघंही अर्धे बरोबर आहात, तेव्हा आज एका ताटात जेवायला हरकत नाही.

'फ्रुरा' म्हणजे पहारा, शिबंदी. 'आर्ख' म्हणजे त्याचा मुख्य. शिबंदीचा नाईक म्हणा. फरक एवढाच की आपल्या डोळ्यांसमोर किल्लेदार म्हटला की स्वतःच्या राज्याचा गड राखणारा माणूस येतो. ग्रीकांकडे तसेही होते, पण ज्यांची नावं गाजली ते बहुतेक परक्या गावात, गावाच्या उरावर बसवलेले. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरलं, तीस जणांची राजवट आली, आणि तिला आधार म्हणून स्पार्टाचा काल्लिबिओस ७०० माणसं घेऊन थेट अक्रोपोलिसवर येऊन राहिला. स्पार्टावाले अशा अधिकाऱ्याला 'हार्मोस्ट' म्हणत. विचार करा, गावाचं ग्रामदैवत ज्या टेकडीवर, तिथेच परक्याची शिबंदी!

मॅसिडोनियाचंही, म्हणजे सिकंदराच्या राज्याचंही, तेच. इ.स.पू. ३२२ मध्ये अथेन्स पुन्हा हरलं तेव्हा तिथला कारभारी अँटिपाटर याची शिबंदी बंदराशेजारच्या मुनिखिया टेकडीवर आली. दिवस नेमका एल्युसिसच्या उत्सवाचा, देवाची मिरवणूक निघायचा. अथेन्सचे लोक ते विसरले नाहीत. गंमत म्हणजे तिथला फ्रुरार्ख मेनिल्लोस सज्जन होता. फोकिओन या अथेन्सच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याशी त्याची ओळख होती, त्याला पैसे देऊ केले, फोकिओनने घेतले नाहीत. माणूस सज्जन असून भागत नाही, तो कुठे बसला आहे ते लोक पाहतात.

आता तुमचा सुभेदाराचा प्रश्न. संत्रेवाले, गडाचा धनी एकटा किल्लेदार असतो हे तुम्ही शिवरायांच्या गडांबद्दल बोललात तर चुकाल. तिथेही हवालदार, सबनीस आणि सरनोबत वेगवेगळे. चाव्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, तटावरची माणसं तिसऱ्याच्या ताब्यात. एकट्याने गड विकायचा म्हटला तरी विकता येऊ नये. सिकंदराने तेच केलं. इजिप्तमध्ये त्याने मेंफिसला पांतालेओन आणि पेलुसिऑनला पोलेमोन असे वेगळे शिबंदीप्रमुख बसवले, आणि देशाचा कारभार आणखी कितीतरी जणांत वाटला. सिकंदराचा जुना चरित्रकार आरियन कारण सरळ देतो: देश एवढा मोठा आणि बळकट की एकाच माणसाच्या हाती देणं त्याला सुरक्षित वाटलं नाही. म्हणजे गडावरचा माणूस शत्रूवर नजर ठेवतो तशी सुभेदारावरही ठेवतो. आणि सुभेदार त्याच्यावर. दोघांना एकमेकांची थोडी भीती वाटली पाहिजे, हीच नेमणुकीमागची मेख.

तुमच्या साळ्याला आणखी एक नाव द्या, पुण्यात वापरता येईल. सिंधूकडच्या आओर्नोस डोंगरावरची शिबंदी इ.स.पू. ३२६ च्या सुमारास सिकंदराने कोणाकडे दिली? सिसिकोट्टोस. बहुतेक अभ्यासक हे नाव 'शशिगुप्त' असं वाचतात.

मरत की चाव्या देत? दोन्ही. थेबेसच्या काद्मेया गडावर स्पार्टाची १५०० माणसं होती. इ.स.पू. ३७९ च्या हिवाळ्यात गावाने उठाव केला तेव्हा त्यांनी वाटाघाटी केल्या आणि जीव घेऊन बाहेर पडले. घरी परतल्यावर गड सोडल्याबद्दल स्पार्टाने त्यांच्या अधिकाऱ्यांना मृत्युदंड दिला. याच्या उलट टोक म्हणजे मॅसिडोनियाचा शिबंदीप्रमुख डिओगेनेस. इ.स.पू. २२९ मध्ये त्याने १५० टॅलेंट (टॅलेंट म्हणजे चांदीचं मोठं वजन) घेऊन पिरेयस, मुनिखिया, सालामिस आणि सुनिऑन हे सगळे गड अथेन्सला देऊन टाकले. पैसा त्याच्या शिपायांचा थकलेला पगार भागवायला होता असं म्हणतात. अथेन्सने त्याच्या नावाने व्यायामशाळा बांधली, सण सुरू केला. गड विकणाऱ्याच्या नावाने सण! बेनीसिंगाला काय मिळालं ते तुम्ही बघून आलातच, धुक्यातला दरवाजा.

जुना गारदवाला (अकोला जिल्हा)

मास्तर, तुमी लिहिलं ते वरचं झालं. खालचं मी सांगतो. मी काही इतिहासाचा माणूस नाही. बत्तीस वर्षं खाकी घातली, त्यातली सात गडचिरोलीत, नदीकाठच्या एका पोस्टवर, गार्ड कमांडर म्हणून. रिटायर झाल्यावर पोरानं ग्रीक लोकायची पुस्तकं मोबाइलात टाकून देल्ली. डिक्शनरी घेऊन वाचतो. दोन पानं वाचली का म्हैस दोहायची वेळ होते.

त्या लोकायत ऐनेयास नावाचा एक माणूस होऊन गेला, इ.स.पू. चौथ्या शतकातला. वेढा पडलेलं गाव कसं राखावं यावर त्यानं लिहून ठेवलं. वाचलं अन् वाटलं, हा पहाऱ्यावर उभा राह्यला आहे, ऐकीव लिहित नाही. रात्रीच्या पाळ्या सगळ्यायले सारख्या यायले पाहिजे, पण हिवाळ्यात रात्र लांब, उन्हाळ्यात लहान. तं घटिकापात्राले आतून मेण लावायचं. रात्र लांबली का थोडं मेण काढून घ्यायचं, म्हणजे पाणी जास्त मावते अन् पाळी लांबते. रात्र लहान झाली का मेण वाढवायचं. आता सांगा, हे सुचलं काहून असन? कोण्या तरी शिपायानं "माही पाळी मोठी होते" म्हणून भांडण केलं असन तवाच. आमच्या पोस्टवर दोन ते चारची पाळी कोणी घ्यायले तयार नसे. मी चिठ्ठ्या टाकत होतो.

दुसरी गोष्ट घंटीची. रात्री तटावर घंटी हातोहात फिरे, पहारेकरी जागा हाय का पाहायले. ब्रासिदास नावाच्या स्पार्टाच्या सरदारानं पोटिदायाच्या तटाखाली उभं राहून घंटी पुढं जाऊ देल्ली अन् मंग शिडी लावली. इ.स.पू. ४२३-२२ चा हिवाळा. चढायच्या आधीच लक्षात आलं म्हणून गाव वाचलं. हे वाचून मले घाम फुटला. काहून का माहा राउंड बरोबर एक वाजता अन् बरोबर साडेतीनला असे. साहेब लोक म्हणत, पाहा किती शिस्तीचा हवालदार. अरे बाप्पा, जंगलात बसलेल्यालेही ते वेळापत्रक पाठ झालं असन!

अन् कुत्रं. यावर मात्र मी सावकाश लिहिन.

सिकिओन गावचा आरातोस, वीस वर्षाचं पोट्टं. गावावर निकोक्लेस नावाचा जुलमी बसला होता. इ.स.पू. २५१ मध्ये आरातोस रात्री शिड्या घेऊन आला. तटाजवळ एका माळ्याचा मळा, अन् त्या माळ्याची कुत्री, लहान पण लय खट. आरातोसनं माणसं आधी पाठवून माळ्याले घरात कोंडलं, पण कुत्री हाती लागली नाहीत. शिड्या लावल्या तशी ती भुकू लागली. तेवढ्यात वरून घंटीचा राउंड गेला. तटावरच्या बुरुजात एक मोठं शिकारी कुत्रं बांधलं होतं, तेही उठलं अन् गुरगुरलं, मंग जोरात भुकलं. पलीकडच्या पहारेकऱ्यानं ओरडून विचारलं, कुत्रं काहून भुकते? काही नवीन आहे का? बुरुजावरच्या माणसानं सांगितलं, काही नाही, मशालीच्या उजेडानं अन् घंटीच्या आवाजानं बावरलं. झालं! सूर्य निघायच्या आत गाव गेलं.

कुत्रं बरोबर होतं. माणसानं खोटा रिपोर्ट देल्ला.

आमच्या पोस्टवर झिपरी होती. गावठी, एक कान फाटलेली, कोण्या गावातून माग काढत आली देव जाणे. पावसाळ्यातल्या एका रात्री ती नाल्याकडं तोंड करून भुकू लागली, थांबेच ना. मोर्च्यावर नवीन पोरगा होता. त्यानं विचारलं, साहेब, पाहू का? मी कांबळं ओढून म्हटलं, रानडुक्कर असन, झोपू दे. सकाळी तारेच्या कुंपणाबाहेर चिखलात ठसे. दोन माणसायचे, एकाच्या पायात चप्पल, एकाचे पाय उघडे. आले, बसले, बिडी ओढली अन् गेले. बिडीची थोटकं म्या हातानं उचलली. काही झालं नाही म्हणून आज लिहून राह्यलो. ते सिकिओनच्या बुरुजावरचं उत्तर म्या शब्दाला शब्द देल्लं होतं.

आता पुढचं पाहा. तोच आरातोस, आठ वर्षानं, इ.स.पू. २४३. आक्रोकोरिंथ, म्हणजे कोरिंथच्या डोक्यावरचा डोंगरी किल्ला. मॅसिडोनियाच्या राजानं तिथं पर्सायोस नावाचा तत्त्वज्ञानी बसवला होता, शहाणा माणूस तोच खरा सेनापती या मताचा. आरातोसनं फितुरीनं चोरवाट काढली, रात्री चढला, किल्ला घेतला. थेओफ्रास्टोस नावाचा एक अधिकारी शरण गेला नाही, त्याले मारलं, हा तुमच्या बेनीसिंगाच्या जातीचा. प्लुटार्क नावाचा जुना चरित्रकार सांगते, पर्सायोस पळून वाचला, अन् मंग म्हणे, ते सेनापतीवालं मत मले पहिले लय आवडे, त्या सिकिओनच्या पोट्ट्यानं शिकवल्यापासून बदललं.

अन् किल्ला हाती आल्यावर आरातोसनं तिथं काय ठेवलं? ४०० शिपाई अन् ५० कुत्री. कुत्र्यायचे राखणदारही ५०, सगळे किल्ल्यातच पोसलेले. ज्याले एका रात्री माळ्याच्या कुत्र्यायनं घाम फोडला, तोच पन्नास कुत्र्यायचा खर्च मंजूर करू शकते. ऑफिसात बसून कोणी केला नसता.

शेवटचं एक. समुद्राकाठी तेओस नावाचं गाव, त्याचा किर्बिस्सोस नावाचा डोंगरी गड. तिथले नियम दगडावर कोरले हायत. फ्रुरार्ख चार महिन्यासाठी. कमीत कमी २० माणसं अन् ३ कुत्री. अन् नवीन आलेल्याले जो गड सोपवणार नाही त्याच्यावर शाप, हद्दपारी, मालमत्ता जप्त. चार महिने हा आकडा ज्यानं ठरवला त्याले माहा सलाम. पाचव्या महिन्यात माणूस पोस्टले आपलं घर समजायले लागते, अन् तिथूनच भानगडी सुरू होतात.

वावरवाली (मोर्शी)

काका, झिपरीचं वाचून पोटात गोळा आला. पण एक सांगू का, तुम्ही सगळे गडावरून बोलून राहिले. गडाखालच्या लोकांचं कोण सांगणार?

बायझँटिऑनचं, म्हणजे आजच्या इस्तंबूलचं, पाहा, इ.स.पू. ४०८. स्पार्टाचा क्लेआर्खोस तिथे हार्मोस्ट. अथेन्सने वेढा घातला, धान्य संपत आलं, तर याने उरलेलं सगळं धान्य आपल्या शिपायांना दिलं. गावातली लेकरं, बाया उपाशी. तो स्वतः पैसा आणि जहाजं आणायला बाहेर गेला, आणि गावातल्याच माणसांनी रात्री दरवाजे उघडून दिले. पुढे त्यातल्या एकावर, अनाक्सिलाओसवर, स्पार्टात खटला झाला. तो म्हणाला, मी बायझँटिऑनचा आहे, स्पार्टाचा नाही. डोळ्यांदेखत लेकरं-बाया मरत होत्या, म्हणून उघडला दरवाजा. सोडून दिलं त्याला. खडू-डस्टर सर, तुम्ही सबनीस, हवालदार, सरनोबत सांगितले. कोठाराची चावी कोणाकडे ते आधी सांगायचं असतं.

आणि चांगला फ्रुरार्ख कसा ओळखायचा, तर पिकावरून. अथेन्सच्या मुलखाच्या, म्हणजे अटिकाच्या, टोकाला रामनूस नावाचा गड आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात, मॅसिडोनियाशी लढाई सुरू असताना तिथे एपिखारेस नावाचा अधिकारी होता. लोकांनी त्याचा सन्मान दगडावर कोरला, आणि पहिल्या काही गोष्टींत काय लिहिलं? गडाभोवती ३० स्टेडियाच्या आत, म्हणजे पाच-साडेपाच किलोमीटरच्या टापूत, याने रानात लपवून पहारे बसवले, आणि लोकांना धान्य, फळं घरी आणता आली. लढाईत किती मारले ते नाही, सुगी घरी आली ते.

आमच्याकडे आता तूर फुलावर आली की रोही आणि डुकरं सुरू होतील. रात्रभर जागलीला मचाणावर बसावं लागतं, डबे वाजवत. मागच्या वर्षी घरचे आजारी होते तर मी अकरा रात्री बसले. मला विचाराल तर एपिखारेसने रानात बसवलेली ती माणसं जागलकरीच होती. त्यांच्याजवळ भाले होते आणि माझ्याजवळ तेलाचा रिकामा डबा, एवढाच फरक.

संत्रेवाला (परतवाडा)

बाप्पा! मी एक विचारलं आणि तुम्ही खळं भरून दिलं. साळ्याला सगळं वाचून दाखवलं. तो कुत्र्यांवर अडकला आहे, पण हार मानायची सवय नाही, म्हणून आणखी एक विचारतो: एवढी वाटणी, एवढे नियम, मग एखादा फ्रुरार्ख स्वतःच राजा झाला असं घडलं का?

खडू-डस्टर (दर्यापूर)

घडलं. आजच्या तुर्कस्तानातल्या पेर्गामॉनच्या गडावर राजा लिसिमाखोसने ९००० टॅलेंटचा खजिना ठेवला होता आणि राखणीला फिलेटैरोस नावाचा माणूस. तो खोजा होता, म्हणजे पुढे वंश वाढवील अशी भीती नाही, असं कोणाला वाटलं असेल तर नवल नाही. चावी आणि तिजोरी एकाच्या हाती, मी वर जे टाळायचं म्हणालो तेच. इ.स.पू. २८२ च्या सुमारास त्याने धनी बदलला, सेल्युकोस या दुसऱ्या राजाकडे गेला, पण खजिना आणि गड दोन्ही स्वतःकडेच राहिले. मुलगा नव्हता, पुतण्या एउमेनेस मागून गादीवर बसला, आणि पुढे त्याच घराण्याचे राजे झाले. शेवटच्याने इ.स.पू. १३३ मध्ये राज्य मृत्युपत्राने रोमला देऊन टाकलं.

आता काव्यगत न्याय पाहा. याच एउमेनेसच्या दोन गडांवरच्या, फिलेटैरेया आणि अत्तालेया इथल्या, भाडोत्री शिपायांनी बंड केलं. समेट झाला तो दगडावर कोरला आहे: धान्य मेदिम्नोसला ४ द्राख्मा, दारू मेत्रेतेसला ४ द्राख्मा या भावाने मिळेल (मेदिम्नोस, मेत्रेतेस ही मापं, द्राख्मा हे नाणं), आणि वर्ष दहा महिन्यांचं धरायचं. वावरवाली ताई, तुमची कोठाराची चावी ती हीच. पहिल्या कलमात धान्याचा भाव!

संत्रेवाला (परतवाडा)

साळा जेवायला बसला. त्याचा शेवटचा प्रश्न गारदवाल्या काकांना: झिपरीचं पुढे काय झालं?

जुना गारदवाला (अकोला जिल्हा)

बदली आली. माह्या जागी आलेल्या हवालदाराले चार्ज देल्ला. रायफली, काडतुसं, बॅटऱ्या, वायरलेस, कुलूपं, चाव्या, सगळं मोजून, लिहून, दोघायच्या सह्या. झिपरीचा कॉलम रजिस्टरात नव्हता. म्हणून तिचं तोंडानं सांगितलं, भुकली का उठजो. तो हसला, अन् पुढच्या कुलपाचा नंबर विचारला.